पडद्याआडची वस्ती

सेकंड लाइफमध्ये पहिल्यांदा जाणाऱ्याला आधी देह निवडावा लागतो आणि नाव घ्यावं लागतं. मग तो नवख्यांसाठी राखलेल्या एका जागी उभा राहतो. बाणांच्या कळांनी चालता येतं, एक कळ दाबून धरली की उडता येतं. पहिल्या संध्याकाळी मी बराच वेळ नुसता उडतच होतो. खाली समुद्र, बेटं, घरं, दुकानं, रिकामे मॉल, आणि मधूनच कुणीतरी मन लावून केलेली बाग. उडण्याचं अप्रूप लवकर ओसरलं. मनात राहिली ती दुसरीच गोष्ट. खाली दिसणाऱ्या जवळजवळ प्रत्येक वस्तूमागे घरी बसून काम केलेला एखादा साधा माणूस होता. कंपनीने जमीन, पाणी, आकाश आणि बांधकामाची अवजारं दिली. पायऱ्या, खुर्च्या, झाडं, कपडे, दागिने हे सारं रहिवाशांनी केलेलं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडेन लॅब या कंपनीने हे जग २३ जून २००३ रोजी उघडलं आणि ते आजही चालू आहे. त्याच्या कितीतरी पट पैसा ओतलेली जगं मधल्या काळात आली आणि बंद पडली. एक जग का टिकतं आणि दुसरं का ओस पडतं, हे समजून घ्यावंसं मला तेव्हापासून वाटू लागलं.

मी या वस्तीत उशिरा आलो. नाशिकच्या आमच्या कॉलनीतल्या शाळकरी मुलांना यात नवल असं काही वाटत नाही. त्यांचे निम्मे मित्र माइनक्राफ्ट, रोब्लॉक्स किंवा बीजीएमआयमध्ये भेटतात. ‘संध्याकाळी सर्व्हरवर ये’ हे त्यांच्या तोंडून ‘खाली खेळायला ये’ इतकंच सहज येतं. ‘मामा, तू आधी नुसता थांब, लोक काय करतात ते बघ,’ हा भाच्याने मला दिलेला पहिला सल्ला, आणि तो फार चांगला निघाला. कारण थांबून बघितलं की कळतं, बरेच जण तिथे खेळत नसतात. कुणी दुकान मांडतंय, कुणी नवख्याला पायऱ्या कशा जोडायच्या ते शिकवतंय, कुणी नुसतंच गप्पा मारत उभं आहे.

अशा जगाची ओळख ढोबळपणे तीन गोष्टींवरून पटते. एकाच वेळी अनेक माणसं तिथे हजर असतात, प्रत्येकाला तिथला एक देह म्हणजे अवतार असतो, आणि तुम्ही संगणक बंद करून झोपलात तरी ते जग चालूच राहतं. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. काल तुम्ही लावलेलं झाड आज तिथेच असेल, आणि तुमच्या माघारी कुणी ते तोडलंही असेल.

याची सुरुवात चित्रांशिवाय झाली. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी १९७८ मध्ये नुसत्या शब्दांचं एक जग तयार केलं. पडद्यावर मजकूर यायचा, की तुम्ही अमुक रस्त्यावर आहात, पूर्वेला दार आहे. तुम्ही टंकून सांगायचं, पूर्वेला जा. तिथे दुसरं कुणी असलं तर त्याच्याशी बोलता यायचं. माणसं तासन्‌तास त्यात रमत. चित्र कितीही ढोबळ असलं, अगदी नसलं तरी, समोर दुसरं माणूस आहे एवढी खात्री पुरते, हे तेव्हाच दिसलं होतं. पुढच्या अनेक कंपन्या नेमकं हेच विसरल्या.

चित्रांचं पहिलं मोठं जग म्हणजे लुकासफिल्मचं ‘हॅबिटॅट’. साल १९८६. कमोडोर ६४ हा त्या काळचा घरगुती संगणक, फोनच्या तारेवरून जोडलेला. चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर हे त्याचे कर्ते. त्यांनी पुढे आपल्या अनुभवावर एक निबंध लिहिला. या विषयात काही वाचायचं तर तोच आधी वाचावा, असं माझं मत झालं आहे. त्यांनी मोठ्या कष्टाने एक खजिन्याचा शोध रचला होता. बांधायला कित्येक आठवडे गेले. एका खेळाडूने पहिल्या पंधरा मिनिटांत किल्ली ओळखली आणि आठ तासांत शोध संपवला. बाकीच्यांना तो सुरू झाल्याचंही धड कळलं नव्हतं. दुसऱ्या वेळी काही रहिवाशांच्या लक्षात आलं की एका यंत्रातून स्वस्तात मिळणाऱ्या बाहुल्या दुसऱ्या यंत्रात जास्त किमतीला विकता येतात. त्यांनी रात्रभर फेऱ्या मारल्या. सकाळी कर्त्यांनी पाहिलं तर त्या जगातला एकूण पैसा पाचपट झालेला. तिथे चोऱ्या आणि खून होऊ लागले तेव्हा शस्त्रं असावीत की नसावीत यावर रहिवाशांत वाद पेटला. प्रत्यक्ष आयुष्यात ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती धर्मगुरू असलेल्या एका खेळाडूने ‘पवित्र अक्रोड’ नावाचा पंथ काढला. त्याच्या अनुयायांनी शस्त्र धरायचं नाही, चोरी करायची नाही, असा नियम होता.

हे वाचताना मला आपलं साधुग्राम आठवलं. सिंहस्थात तपोवनात तंबूंचं गाव वसतं. प्रशासन रस्ते आखतं, नळ आणि विजेचे खांब देतं. पण ते गाव नांदतं आखाड्यांमुळे, अन्नछत्रांमुळे आणि तिथे येऊन राहणाऱ्यांच्या रीतीभातींमुळे. मॉर्निंगस्टार आणि फार्मर अखेरीस याच निष्कर्षाला आले. आधी सगळं ठरवून जग चालवता येत नाही. माणसं काय करतात ते बघायचं आणि त्यांना लागेल ते पुरवायचं.

आता हे जग राहतं कुठे, ते पाहू. तुमच्या मोबाइलवर दिसतं ते केवळ चित्र. खरी नोंद दूरच्या सर्व्हरवर असते: कोण कुठे उभा आहे, कोणतं दार उघडं आहे, कुणाच्या पिशवीत काय आहे. तुम्ही पाऊल टाकलं की तुमचा फोन सर्व्हरला कळवतो, सर्व्हर हिशोब करतो आणि आजूबाजूच्या प्रत्येकाच्या फोनला निरोप धाडतो. अडचण इथेच आहे. दहा माणसं असतील तर प्रत्येकाची हालचाल नऊ जणांना कळवायची, म्हणजे नव्वद निरोप. शंभर माणसांना ९,९००. हजार झाली की दहा लाखांच्या आसपास. आणि हे सेकंदाला कित्येकदा. म्हणून सेकंड लाइफमध्ये २५६ मीटर लांब-रुंद अशा एका भूखंडावर साधारण शंभरापर्यंतच माणसं नीट मावतात. एप्रिल २०२० मध्ये फोर्टनाइटमध्ये ट्रॅव्हिस स्कॉट या गायकाचा कार्यक्रम झाला, त्याला एका वेळी सव्वा कोटीच्या आसपास लोक हजर होते असं सांगतात. ते खरं आहे, पण ती एक गर्दी नव्हती. त्याच मैदानाच्या असंख्य प्रती करून प्रत्येकीत थोडी थोडी माणसं ठेवली होती. शेजारच्या प्रतीतला माणूस तुम्हाला दिसतच नव्हता.

आइसलंडच्या सीसीपी या कंपनीने ‘ईव्ह ऑनलाइन’मध्ये वेगळा मार्ग काढला. तिथे सगळे खेळाडू एकाच विश्वात असतात आणि गर्दी वाढली की सर्व्हर तिथला काळच मंद करतो, अगदी दहा टक्क्यांपर्यंत. एका सेकंदाचं काम दहा सेकंदांत होतं. जानेवारी २०१४ मध्ये तिथे झालेल्या एका लढाईत साडेसात हजारांवर खेळाडू उतरले आणि ती जवळजवळ २१ तास चालली. संगणकशास्त्रातली ही युक्ती मला विलक्षण सुंदर वाटते. तरीही आकडा लक्षात घ्या. साडेसात हजार, तेही दिवसभरात मिळून. पर्वणीच्या पहाटे रामकुंडाच्या एका पायरीवरून तेवढी माणसं किती वेळात उतरतात, हे नाशिककराला सांगायला नको. खऱ्या गर्दीच्या जवळपासही हे तंत्रज्ञान अजून पोचलेलं नाही.

संख्या थोडी असली तरी माणसांचं वागणं मात्र खरं असतं. सप्टेंबर २००५ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये एक राक्षस आणला गेला. त्याच्याशी लढणाऱ्यांना एक संसर्ग व्हायचा आणि तो त्या लढाईच्या जागेपुरताच राहायचा, अशी योजना होती. पण खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांबरोबर तो शहरांत पोचला. दुबळे अवतार पटापट मेले, चौकांत हाडांचे सापळे पडले. कुणी शहर सोडून पळालं, कुणी आजाऱ्यांना बरं करायला धावलं, कुणी मुद्दाम रोग पसरवत फिरलं, कुणी नुसतं बघायला गेलं आणि स्वतः लागण घेऊन परतलं. कंपनीला अखेर सर्व्हर पूर्ववत करावे लागले. नीना फेफरमन आणि एरिक लॉफग्रेन या दोन संशोधकांनी २००७ मध्ये ‘द लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीझेस’ या वैद्यकीय नियतकालिकात यावर लेख लिहिला. साथीच्या गणितात उत्सुकतेपोटी जाणारा माणूस कुणी धरलेलाच नव्हता, हे त्यांना या खेळाने दाखवलं. करोना आला तेव्हा तो माणूस आपण सगळ्यांनी आपल्या गल्लीत पाहिला.

पैशाचं तसंच. सेकंड लाइफमध्ये लिंडेन डॉलर नावाचं चलन आहे आणि ते खऱ्या डॉलरमध्ये बदलून घेता येतं. तिथे आभासी जमिनी विकून एका बाईने लाखो डॉलर कमावले आणि २००६ मध्ये ‘बिझनेसवीक’ने तिच्या अवताराचं चित्र मुखपृष्ठावर छापलं. त्याच जगात गिन्को फायनान्शियल नावाची एक ‘बँक’ होती. भरमसाट व्याजाचं आमिष दाखवून ठेवी घेत होती. २००७ च्या उन्हाळ्यात कंपनीने जुगारावर बंदी घातली, लोक पैसे काढायला धावले, आणि ऑगस्टमध्ये बँक बुडाली. खऱ्या पैशात सुमारे साडेसात लाख डॉलर गेले. बुडीत पतसंस्थांचे अनुभव घेतलेल्या महाराष्ट्राला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. पुढच्या जानेवारीत लिंडेन लॅबने विनापरवाना व्याज देणाऱ्यांना बंदी केली. आपल्याकडे सरकारने १ एप्रिल २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेवरच्या नफ्याला तीस टक्के कर लावला, आणि ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद करून ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. दोन्ही पावलं मला योग्य वाटतात. मुलाने तिथे घर बांधावं की नाही यावर पालकांनी वाद घालावा, पण त्याला तिथे पैज लावायला लावणारा माणूस कुठल्याच जगात नको.

‘ही सगळी खोटी जगं, त्यात आयुष्य वाया जातं’ असं म्हणणाऱ्यांना मी मॅट्स स्टीनची गोष्ट सांगतो. हा नॉर्वेचा मुलगा. स्नायू हळूहळू निकामी करणारा डुशेन हा आजार त्याला जन्मतः होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये तो २५ व्या वर्षी गेला. आपला मुलगा एकटाच राहिला, त्याला कुणी मित्र लाभला नाही, हे आईवडिलांचं दुःख होतं. तो गेल्याचं त्यांनी त्याच्या ब्लॉगवर कळवलं आणि युरोपभरातून पत्रांचा ओघ सुरू झाला. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये तो इबेलिन या नावाने वावरत असे. तिथे त्याने लोकांची भांडणं मिटवली होती, एका आईला तिच्या मुलाशी बोलायची वाट दाखवली होती, एका मुलीला धीर दिला होता. त्यातली काही माणसं ऑस्लोला त्याच्या अंत्यसंस्काराला आली. २०२४ मध्ये त्याच्यावरचा माहितीपट जगभर पाहिला गेला. ज्याला खुर्चीतून उठता येत नव्हतं तो तिथे धावत होता. या एका गोष्टीपुढे मला बाकी सगळे आक्षेप दुय्यम वाटतात.

आणि म्हणूनच अशी वस्ती बंद पडते तेव्हा मला राग येतो. गूगलने ‘लाइव्हली’ २००८ मध्ये सुरू केलं आणि सहा महिन्यांच्या आत मिटवलं. ‘द सिम्स ऑनलाइन’ त्याच वर्षी गेलं. लहान मुलांचं ‘क्लब पेंग्विन’ २०१७ मध्ये बंद झालं. मायक्रोसॉफ्टने ‘ऑल्टस्पेस’ मार्च २०२३ मध्ये बंद केलं. भारतातल्या मुलांनी तर हे सरकारी आदेशानेही अनुभवलं. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइल गेलं, फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर गेलं. बंदीची कारणं गंभीर होती, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण प्रत्येक वेळी एका रात्रीत मैत्र्या, टोळ्या, कमावलेली नावं पुसली गेली, आणि त्यात राहणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. वस्ती रहिवाशांनी उभी केलेली आणि नोंदवही मालकाच्या घरात, हा या सगळ्या व्यवहारातला मूळ दोष आहे.

२८ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकने आपल्या कंपनीचं नाव बदलून मेटा केलं तेव्हा वाटलं होतं, की आता सगळे डोळ्यांवर यंत्र चढवून अशाच जगात बसतील. कंपनीच्या आभासी जगांवर काम करणाऱ्या विभागाला २०२२ या एका वर्षात १,३७० कोटी डॉलरचा तोटा झाला. ॲपलचं व्हिजन प्रो फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं, किंमत ३,४९९ डॉलर. वस्तू उत्तम, पण घरोघर गेली नाही. किंमत हे एक कारण. दुसरं शरीराचं आहे. डोळ्यांना वाटतं आपण चालतोय आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते की बसलोय. या विसंवादाने मळमळतं. मान वळवल्यावर चित्र सुमारे २० मिलिसेकंदांच्या आत वळलं नाही तर त्रास आणखी वाढतो. मला मात्र तिसरं कारण सर्वांत मोठं वाटतं. डोळे झाकून बसलेला माणूस घरातल्यांपासून तुटतो, आणि एकत्र राहणाऱ्या घरात ते फार काळ चालत नाही.

याला दुसरी वाट आहे आणि ती दाखवणाऱ्यांत एक नाशिकचा माणूस आहे. रमेश रासकर नाशिकमध्ये जन्मले, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले, पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात संशोधन करून एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक झाले. १९९८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एक कल्पना मांडली: खोलीतल्या साध्या भिंती आणि टेबलं हाच पडदा करायचा आणि दूरचं माणूस तिथे समोर बसल्यासारखं आणायचं. २००१ मध्ये त्यांच्या चमूने ताजमहालाची पांढरी प्रतिकृती ठेवून तिच्यावर प्रोजेक्टरने रंग, नक्षी आणि सावल्या पाडल्या. वस्तूचा आकार संगणकाला आधी बारकाईने सांगितलेला असतो, त्यामुळे प्रकाश कोपऱ्याकोपऱ्यावर नेमका बसतो आणि पांढरा साचा संगमरवरी दिसू लागतो. एका प्रोजेक्टरची जिथे सावली पडते तिथे दुसरा प्रकाश देतो. डोळ्यांवर काही चढवावं लागत नाही. सगळे मिळून बघतात आणि एकमेकांचे चेहरेही दिसतात. यावर त्यांनी ऑलिव्हर बिंबर यांच्यासह २००५ मध्ये एक पुस्तकही लिहिलं. आभासी जगाने आपल्याला आत ओढण्यापेक्षा ते आपल्या खोलीत यावं, हे भविष्य मला जास्त माणुसकीचं वाटतं, आणि माझा अंदाज आहे की पुढची वीस वर्षं गाडी याच दिशेला जाईल.

पडद्यावरचं जग स्वतः घडवणं नाशिकला नवं नाही. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’नंतर, १९१३ मध्येच आपला मुक्काम नाशिकला हलवला आणि इथे चित्रपट काढले. परदेशी चित्रपट मुंबईत तेव्हा दिसतच होते. बघणारे हजारो होते. फाळक्यांनी १९१२ मध्ये इंग्लंडला जाऊन कॅमेरा आणला, यंत्रं आणली, ती चालवायला शिकले, आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी घरात फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं केली. आज आपली मुलं आभासी जगांत जातात ती बहुतेक गिऱ्हाईक म्हणून. पुण्याच्या सुपरगेमिंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंडस’ हा बहुखेळाडू खेळ आणला, हे फार चांगलं झालं. पण असा खेळ उभारायला मोठी कंपनी लागते.

लहान वाट शाळेच्या आवाक्यातली आहे. लुआंटी नावाची एक मोफत प्रणाली आहे. २०१० मध्ये पेर्टू अहोला या फिनिश प्रोग्रामरने ती माइनटेस्ट या नावाने सुरू केली. माइनक्राफ्टसारखंच ठोकळ्यांचं जग, पण सर्व्हर तुमच्या स्वतःच्या संगणकावर चालतो. जुना संगणक पुरतो आणि शाळेच्या अंतर्गत जाळ्यावर इंटरनेटशिवायही ते चालतं. नोंदवही तुमच्याकडे असल्याने ते जग दुसऱ्या कुणाला बंद करता येत नाही. आणखी तपशीलवार काही हवं असेल तर ओपनसिम्युलेटर आहे, सेकंड लाइफच्या धर्तीचं, तेही मोफत. संयुक्त राष्ट्रांच्या यूएन-हॅबिटॅटने २०१२ पासून माइनक्राफ्ट वापरून अनेक देशांत वस्तीतल्या लोकांकडूनच बागा आणि चौकांचे आराखडे करून घेतले आहेत, तेव्हा ही पोरकट कल्पना नाही.

बांधायचं काय, तर जुन्या नाशकात आणि पंचवटीत दर पावसाळ्यात एखादा वाडा ढासळल्याची बातमी येते. त्यातल्या एखाद्या वाड्याच्या मालकांची परवानगी घेऊन मुलांनी तो मोजावा. चौक किती फूट, माजघर कुठे, जिना कुठून वळतो. तिथल्या आजी-आजोबांना विचारावं आणि तो शाळेच्या सर्व्हरवर ठोकळा ठोकळा उभा करावा. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी याहून मोठं काम घ्यावं: रामकुंड आणि त्याकडे जाणारे रस्ते. २७ ऑगस्ट २००३ रोजी इथल्या अरुंद रस्त्यात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. २०२७ मध्ये पुन्हा शाहीस्नानं आहेत. स्वयंसेवकांना त्या गल्ल्या, ती वळणं, ती बाहेर पडायची दारं आधी आभासी जगात पाठ करता आली तर त्याचा उपयोग नक्की होईल. गर्दी तिथे शंभराचीच मावेल, पण रस्ता ओळखीचा व्हायला तेवढी पुरे. संगणकाच्या शिक्षकांनो, येत्या सुटीत पाच मुलं, एक मोजपट्टी आणि प्रयोगशाळेतला एक जुना संगणक घेऊन एका वाड्यापासून सुरुवात करा.